नागपुरातील एका निवारा केंद्राची पत्ता-गुप्ततेची सेवा : एक परीक्षण

कौटुंबिक हिंसाचारातून बाहेर पडलेल्या बायका-मुलांना आसरा देणाऱ्या नागपुरातील एका निवारा केंद्राच्या सेवेबद्दल मी येथे लिहीत आहे. केंद्राचे नाव, ते कोणत्या वस्तीत आहे आणि मुले कोणत्या गावाहून आली, यांतले काहीही मी सांगणार नाही, कारण ज्या सेवेचे परीक्षण करायचे आहे ती मुळात पत्ता बाहेर न जाऊ देण्याचीच सेवा आहे. मुले माझ्या जवळच्या नात्यातली आहेत: एक मुलगी, जी लवकरच अठरा वर्षे पूर्ण करील, आणि तिचा धाकटा भाऊ. त्यांच्या आईने मारहाणीला कंटाळून घर सोडले. आता त्यांचा शोध घेत फिरणारा माणूस म्हणजे मुलांचा स्वतःचा बाप आहे आणि मुलांच्या जन्मदाखल्यापासून आधार क्रमांकापर्यंत सगळे कागद त्याच्याच कपाटात आहेत. परक्या माणसापासून लपणे आणि आपली जन्मतारीखही ज्याला पाठ आहे अशा माणसापासून लपणे, यांत फार मोठा फरक आहे, आणि कोणत्याही केंद्राची खरी परीक्षा या दुसऱ्या बाबतीत होते.

माझे मत आधीच सांगते. राहत्या जागेची गुप्तता या केंद्राने अतिशय कसोशीने राखली आणि त्याबद्दल तेथील कर्मचाऱ्यांचे करावे तेवढे कौतुक थोडेच आहे. मात्र पत्ता दारातून फुटत नाही, तो कागदातून फुटतो, आणि कागदांच्या बाबतीत केंद्राची मदत कोणती ताई कामावर आहे यावर अवलंबून राहते. मुलगी केंद्रातून बाहेर पडली की ही मदत जवळजवळ संपतेच.

नागपूर हे लपण्यासाठी सोपे शहर नाही, हे बाहेरच्यांच्या चटकन लक्षात येत नाही. वर्धा, भंडारा, गोंदिया, यवतमाळ, चंद्रपूर इथल्या प्रत्येक घरातले कोणी ना कोणी मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, दाखल रुग्णाला पाहायला, हायकोर्टाच्या तारखेला किंवा लग्नाच्या खरेदीसाठी इतवारीला येतच असते, आणि संध्याकाळी बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) चक्कर मारली तर गावाकडचा एखादा चेहरा हमखास दिसतो. त्यामुळे मुलांनी कुठे जावे, कोणत्या वेळी जावे, कोणत्या मार्गाची बस टाळावी, याचा विचार केंद्राने पहिल्याच भेटीत आमच्याबरोबर बसून केला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली.

दारापाशी काय होते ते थोडे तपशिलाने सांगते. बहुतेक कार्यालयांत फाटकाजवळ एक जाड रजिस्टर असते आणि त्यात येणाऱ्याने स्वतःचे नाव, वेळ व कोणाला भेटायचे ते लिहायचे असते. पुढचा माणूस आपले नाव लिहिताना वरच्या दहा-बारा ओळी सहज वाचू शकतो. या केंद्रात रजिस्टर नाही. प्रत्येकाला एक सुटी चिठ्ठी मिळते, ती भरून झाली की चौकीदार ती कुलूपबंद पेटीत टाकतो, आणि चिठ्ठीवर राहणाऱ्या व्यक्तीचे नाव लिहायला जागाच ठेवलेली नाही. माझ्यादेखत एक गृहस्थ कोणाचा तरी मामा असल्याचे सांगत आला. चौकीदार काकांनी आवाज न चढवता त्याला उत्तर दिले, "कोन हाय, कोन नाही, हे आमी कोनालेच नाही सांगत भाऊ. अर्ज द्या, मॅडमले दाखवतो." हेच वाक्य त्यांनी नंतर आलेल्या एका वकिलालाही ऐकवले आणि टपाल घेऊन आलेल्या मुलालाही. जी व्यक्ती आत नाही तिच्याबद्दल "नाही" असे सांगायला लागलो, तर जी आहे तिच्याबद्दलचे मौन आपोआप "आहे" ठरते, म्हणून उत्तर सर्वांना एकच द्यायचे, हा नियम त्यांना कोणीतरी नीट समजावून दिलेला दिसला.

या नियमाला कायद्याचा आधार आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम 2005 हा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला आणि त्याखालच्या 2006 च्या नियमांत असे स्पष्ट म्हटले आहे की पीडित व्यक्तीने तसे सांगितल्यास निवारागृहाने तिची ओळख उघड करू नये आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला ती कळवू नये. घटनेचा अहवाल आधी नोंदवलेला नाही या कारणावरून आसरा नाकारता येत नाही, असेही त्याच नियमात आहे. यात "तसे सांगितल्यास" हे शब्द महत्त्वाचे आहेत. घाबरलेली बाई किंवा सोळा-सतरा वर्षांची मुलगी पहिल्या रात्री असे काही मागण्याच्या स्थितीत नसते. या केंद्रात प्रवेशाच्या अर्जातच ती मागणी छापलेली आहे आणि ती नको असेल तर खोडायची आहे. दुसऱ्या संस्थांनी यांचे हे एवढे जरी उचलले तरी पुष्कळ होईल.

फोनची तपासणीही अशीच नीट झाली. मुलीच्या फोनमधले गूगल खाते वडिलांनी उघडून दिलेले होते आणि पासवर्डही त्यांच्याकडे होता, म्हणजे फोन कोठे आहे हे त्यांना घरबसल्या पाहता आले असते. समुपदेशक ताईंनी तिला धाक न दाखवता शेजारी बसवून एकेक गोष्ट दाखवली: लोकेशन कुठून जाते, फोटोला जागेची नोंद कशी चिकटते, व्हॉट्सॲपच्या कोणत्या गटात आत्या-काका आहेत. फोन काढून घेतला नाही, नवे सिम आणि नवे खाते सुरू करून दिले. या वयाच्या मुलीचा फोन हिसकावून घेतला तर ती मैत्रिणीच्या फोनवरून बोलते आणि मग कोणालाच काही कळत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

धाकट्या भावाची अडचण मात्र केंद्राच्या हाताबाहेरची होती. सखी वन स्टॉप सेंटर, म्हणजे हिंसापीडित महिलांसाठीचे सरकारी मदत केंद्र, याच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे आईबरोबर मुली कोणत्याही वयाच्या राहू शकतात, मुलगे मात्र ठरावीक वयापर्यंतच, आणि तेथला मुक्कामही साधारण पाच दिवसांपुरता असतो. पुढच्या निवाऱ्यांतही मोठ्या मुलग्यांसाठी वयाची अट असतेच. आमचा मुलगा या मर्यादेपलीकडचा असल्याने त्याची सोय वेगळ्या ठिकाणी झाली. आता दोन पत्ते सांभाळायचे आले, आणि त्यांना जोडणारा दुवा म्हणजे आईला भेटायला जाणारे मूल. बापाने शाळेच्या दारात गाठून "आई कुठे राहते रे?" असे विचारले तर त्याने काय करायचे? लहान मुलाला खोटे बोलायला शिकवणे समुपदेशकांना मान्य नव्हते. त्यांनी त्याच्याकडून एकच वाक्य घटवून घेतले: "मला विचारू नका, बाईंना विचारा." आणि ते म्हणून झाल्यावर वर्गशिक्षिकांकडे चालत जायचे, पळायचे नाही. आई-लेकाच्या भेटी तिसऱ्याच ठिकाणी ठेवल्या, त्यामुळे त्याच्याजवळ फोडण्यासारखा पत्ताच उरला नाही. मुलग्यांच्या वयाची ती अट बदलली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. भावंडांची ताटातूट करून मिळणारी सुरक्षितता अपुरी असते.

टपालासाठी केंद्राने शहराच्या मध्यभागी असलेल्या आपल्या कार्यालयाचा पत्ता वापरायला दिला. बँकेची पत्रे, न्यायालयाच्या नोटिसा, शाळेची पत्रे सगळी तिथे येतात आणि आठवड्यातून ठरलेल्या दिवशी आत पोहोचतात. पार्सलवरची नाव-पत्त्याची पट्टी ब्लेडने सोलून, बारीक फाडून मगच खोके बाहेर टाकले जाते. ही व्यवस्था चांगली आहे, पण ती केवळ या संस्थेच्या सद्भावनेवर उभी आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने 1991 मध्येच यासाठी सरकारी योजना सुरू केली, आणि नंतर इतर अनेक राज्यांनी तशीच ती स्वीकारली. त्यात पीडित व्यक्तीला राज्याकडून एक पर्यायी पत्ता मिळतो, सरकारी कार्यालयांना तो खऱ्या पत्त्याच्या जागी स्वीकारावा लागतो, टपाल तेथून पुढे पाठवले जाते आणि अल्पवयीन मुलांच्या वतीने आई किंवा पालक अर्ज करू शकतात. आपल्याकडे असा पर्यायी पत्ता देणारी सरकारी योजना नाही, त्यामुळे केंद्राच्या कार्यालयाचा पत्ता एखाद्या खिडकीवर चालतो आणि पुढच्याच खिडकीवर "राहण्याचा पत्ता सांगा, ऑफिसचा नको" असे ऐकावे लागते.

या खिडक्यांमध्ये सर्वांत धोक्याची खिडकी आधारची आहे, आणि इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे. मुलांचे आधार काढताना बहुतेक घरांत वडिलांचाच मोबाइल क्रमांक जोडलेला असतो. मुलीने नवा पत्ता आधारवर चढवला आणि क्रमांक जुनाच राहिला, तर ज्याच्या हातात तो मोबाइल आहे आणि ज्याला आधार क्रमांक माहीत आहे, तो ओटीपी घेऊन ई-आधार (आधार कार्डाची ऑनलाइन प्रत) उतरवून घेऊ शकतो, आणि त्यावर नवा पत्ता ठळक छापलेला असतो. म्हणजे शोध घेणाऱ्याला गावोगाव फिरायची गरजच उरत नाही. मुलीने एका संध्याकाळी मला विचारले, "मावशी, माझ्या आधारचा ओटीपी अजून पप्पांच्याच फोनवर जातो ना?" तोवर कोणत्याही मोठ्या माणसाने हा प्रश्न विचारला नव्हता. शाळेतून मात्र आधारवरचा पत्ता बदलून आणा असा तगादा सुरू झालेला होता.

केंद्रातील ज्येष्ठ ताईंनी जो क्रम सांगितला तो बरोबर होता: आधी आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे देऊन मोबाइल क्रमांक बदलायचा, तो बदलल्याची खात्री करायची, मग बायोमेट्रिक लॉक करायचे, म्हणजे ठसे वापरून कोणी ओळख पटवू शकणार नाही असे करायचे, आणि पत्ता बदलण्याची घाई मुळीच करायची नाही. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाच्या दाखल्यावर आधारचा पत्ता बदलता येतो, पण तसे केले तर निवारागृहाचाच पत्ता कार्डावर छापला जातो आणि कॉलेजच्या प्रवेशापासून सिमकार्डाच्या दुकानापर्यंत सगळीकडे तो दाखवत फिरावे लागते. अनेक जण मास्क केलेले आधार द्या असे सुचवतात; त्यात क्रमांकाचे पहिले आठ आकडे झाकले जातात, पत्ता झाकला जात नाही. हे सगळे मला त्या एका ताईंकडून कळले. त्या रजेवर असताना दुसऱ्या कर्मचाऱ्याने दुसऱ्या एका मुलीला थेट पत्ता बदलण्याचा अर्ज भरून दिला होता आणि तो वेळेवर थांबवता आला, हे नशीब. इतका महत्त्वाचा क्रम भिंतीवर छापून का लावलेला नाही, हा माझा केंद्रावरचा सर्वांत मोठा आक्षेप आहे. ज्या आधार सेवा केंद्रावर आम्ही गेलो तेथील चालकाने तर भरल्या रांगेसमोर जुना आणि नवा क्रमांक मोठ्याने वाचून खात्री करून घेतली. त्याचा हेतू वाईट नव्हता, पण अशा ठिकाणी केंद्राचा माणूस सोबत हवा, आणि तो आम्हाला मागूनही मिळाला नाही.

बँकेचेही असेच आहे. अल्पवयीन मुलाच्या खात्यावर वडील पालक असतील तर पैसे कोणत्या एटीएममधून निघाले हे त्यांना कळू शकते, म्हणून आईला पालक करून नवे खाते उघडेपर्यंत जुन्या कार्डाला हात लावायचा नाही, एवढे केंद्राने लगेच सांगितले.

शाळेच्या प्रवेशात केंद्राची कामगिरी उत्तम होती. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या 2009 च्या कायद्यातील कलम 5 प्रमाणे आठवीपर्यंतच्या मुलाला शाळा बदलण्याचा हक्क आहे आणि जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. केंद्राने या कलमाचा उल्लेख असलेले पत्र तयारच ठेवले होते, त्यामुळे मुलाचे वर्ष वाया गेले नाही. पण ऑनलाइन नोंदी जुन्या शाळेकडून नव्या शाळेकडे वळवताना नव्या शाळेचे नाव जुन्या शाळेला दिसते, आणि गावातल्या शाळेच्या कार्यालयात बाप जाऊन बसला तर कोण त्याला नाही म्हणणार? केंद्राने जुन्या मुख्याध्यापकांना संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत (2005 च्या कायद्याखाली पीडितेच्या मदतीसाठी नेमलेले सरकारी अधिकारी) लेखी कळवले आणि पोच घेतली. दुसरी गोष्ट ओळखपत्राची. आपल्याकडच्या शाळा मुलांच्या गळ्यात जे ओळखपत्र अडकवतात त्यावर फोटो, घरचा पूर्ण पत्ता आणि पालकांचा मोबाइल क्रमांक असतो. बसमध्ये शेजारी उभा असलेला कोणीही ते वाचू शकतो. मुलाच्या कार्डावर घराच्या पत्त्याऐवजी शाळेचाच पत्ता छापावा, ही विनंती शाळेने मान्य केली. स्नेहसंमेलनाचे फोटो शाळेच्या फेसबुक पानावर टाकताना त्याचा चेहरा टाळावा, हे मात्र दरवर्षी नव्याने सांगावे लागणार आहे.

न्यायालयीन बाजूबद्दल थोडक्यात सांगते, कारण ती विधी सेवा प्राधिकरणाने दिलेल्या वकील मॅडमनी सांभाळली. महिला आणि बालकांना ही मदत उत्पन्नाची अट न लावता मोफत मिळते. 2005 च्या कायद्याप्रमाणे पीडित व्यक्ती तात्पुरती राहत असेल त्या ठिकाणीही अर्ज करता येतो, ही मोठी सोय आहे, पण अर्ज नागपुरात केला की आपण नागपुरात आहोत हे समोरच्याला कळतेच. वकील मॅडमनी अर्जात पत्रव्यवहाराचा पत्ता कार्यालयाचा दिला आणि राहता पत्ता बंद लिफाफ्यात न्यायाधीशांकडे सोपवण्याची परवानगी मागितली, ती मिळाली. कलम 16 खाली सुनावणी बंद दाराआड घेता येते. कलम 18 खालच्या संरक्षण आदेशात मुलाच्या शाळेत किंवा त्याच्या नेहमीच्या जाण्या-येण्याच्या ठिकाणी जाण्यास आणि फोन, पत्र किंवा अन्य कोणत्याही मार्गाने संपर्क साधण्यास मनाई करता येते, आणि असा आदेश मोडला तर कलम 31 प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. या आदेशाची प्रत शाळेच्या मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात ठेवलेली असली पाहिजे. ती केवळ वकिलाच्या फायलीत असून उपयोग नाही. केंद्राने ती स्वतः नेऊन दिली.

आता मुलीच्या अठराव्या वाढदिवसाबद्दल. बालन्याय अधिनियम 2015 चे कलम 74 प्रसिद्धिमाध्यमांना मुलाचे नाव, पत्ता, शाळा यांपैकी काहीही उघड करण्यास मनाई करते आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवते. हे संरक्षण बालकांसाठी आहे. मुलगी सज्ञान झाली की तिला 2005 च्या कायद्याखाली स्वतःच्या नावाने दाद मागता येते, हे खरे, पण त्याच सुमारास तिच्यासमोर एकामागून एक अर्ज येऊन पडतात आणि प्रत्येकात पत्ता मागितलेला असतो. मतदार यादीत नाव घातले की घर क्रमांक आणि नातलगाचे नाव यांसह ती यादी कोणालाही पाहता येते. नातलग म्हणून वडिलांऐवजी आईचे नाव देता येते, एवढीच काय ती सोय. वॉशिंग्टनच्या योजनेत सहभागी मतदाराचा पत्ता सार्वजनिक यादीबाहेर ठेवण्याची तरतूद आहे. आमच्या मुलीला मत द्यायचे आहे आणि तिने ते दिलेच पाहिजे, पण त्यासाठी तिने आपला ठावठिकाणा जाहीर करावा ही अपेक्षा अन्यायाची आहे.

त्याहून अवघड प्रश्न जात प्रमाणपत्राच्या पडताळणीचा आहे. त्यासाठी वडिलांकडच्या पूर्वजांचे पुरावे लागतात, शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि हे कागद ज्या घरातून मुलगी पळाली त्याच घरात पडलेले असतात. केंद्रातल्या एका मोठ्या मुलीने केवळ या कागदांसाठी काकांना फोन केला आणि त्या एका फोनमुळे तिला राहण्याची जागा बदलावी लागली, असे तिनेच सांगितले. मूळ शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा, आजोबांच्या नोंदी यांसारखे कागद संरक्षण अधिकाऱ्यांच्या पत्राने परस्पर मागवता येतात का, हे केंद्राने मुलगी सतरा वर्षांची असतानाच पाहायला हवे होते. आम्ही विचारले तेव्हा "अॅडमिशनच्या वेळी बघू" असे उत्तर मिळाले. प्रवेशाच्या वेळी मुदत संपत आलेली असते, आणि मुदतीच्या भीतीनेच मुली घरी फोन करतात.

सेवेला कोणतेही शुल्क नाही. जेवण साधे पण पोटभर असते, मुलींच्या अभ्यासासाठी वेगळी खोली आहे, रात्री एक महिला कर्मचारी जागी असते. पाच गुण देणारे असते तर निवाऱ्याला मी पाचही दिले असते आणि कागदपत्रांच्या मदतीला तीन. केंद्राकडे मी लेखी मागणी केली आहे: आधार, बँक, शाळा आणि मतदार यादी यांचा योग्य क्रम छापून प्रत्येकीला द्यावा, सतराव्या वर्षी प्रत्येक मुलीच्या कागदांची यादी करून जमवाजमव सुरू करावी, आणि केंद्र सोडल्यानंतरही निदान दोन वर्षे कार्यालयाचा पत्ता टपालासाठी वापरू द्यावा. पहिल्या दोन मागण्या मान्य झाल्याचे कळवले आहे. तिसरीवर अजून निर्णय नाही.

नागपुरात कोणाला ही मदत हवी असेल तर महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098 आणि तातडीच्या वेळी 112 हे क्रमांक आहेत. पोलिसांच्या भरोसा सेलकडे (महिला व मुलांच्या मदतीसाठीचा कक्ष) किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेही जाता येते. फोन घरातल्या मोबाइलवरून न करता शेजारणीच्या किंवा शाळेच्या फोनवरून करावा. निघताना जमल्यास मुलांचे जन्मदाखले, शाळेची प्रगतिपुस्तके आणि आधारच्या प्रती बरोबर घ्याव्यात, न जमल्यास तसेच निघावे. आत गेल्यावर पहिल्याच दिवशी विचारावे की माझ्या मुलाच्या आधारला कोणाचा मोबाइल जोडलेला आहे, आणि तो बदलेपर्यंत नवा पत्ता कोणत्याही अर्जावर लिहू नये.